“घरच्यासारखं” आहे ना, मग कागद करायला काय हरकत आहे?

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय. हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. लांबण लागणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरका. पण ज्यांची पोरं पुण्यात नोकरीला आलीत किंवा यायची आहेत, त्यांनी प्लीज वाचा.

माझी भाची आणि तिची मैत्रीण बाणेरला भाड्याने राहत होत्या. टू बीएचके, थेट मालकाकडून, भाडं ३०,००० आणि डिपॉझिट ९०,०००. गेल्या आठवड्यात सोडला. आज मालककाकांचा हिशेब आला व्हॉट्सॲपवर. रंगकामाचे ३०,०००, डीप क्लीनिंगचे ८,०००, किचन ट्रॉलीचं चॅनल बिघडलं म्हणून ६,५००, चिमणीचे ४,०००. उरलेले ४१,५०० उद्या पाठवतो. खाली दोन हात जोडलेले इमोजी आणि ‘गॉड ब्लेस यू बेटा’.

बेटा!

मी म्हटलं, ॲग्रीमेंट दाखव. तिने पीडीएफ पाठवली. पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेली दोन पानं आणि नोटरीचा शिक्का. रजिस्ट्रेशन नाही. रंगाबद्दल अवाक्षर नाही. सामानाची यादी नाही. विचारलं, रजिस्टर का नाही केलं? तर म्हणे, “काका म्हणाले, अकरा महिन्यांचंच आहे, त्याला लागत नाही. आणि आपण घरच्यासारखेच, एजंट पण नाही मध्ये, कशाला उगाच खर्च?”

हे ‘घरच्यासारखे’ ऐकलं की माझं टाळकं सरकतं. त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमची आई.

लग्नानंतर आम्ही कर्वेनगरात घर शोधत होतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने एक फ्लॅट मिळाला. पूर्वेला बाल्कनी, भाडं बेताचं, दलाली शून्य. मालक अगदी गोड माणूस. चहा, बिस्किटं, “तुमचंच घर समजा.” आई तेव्हा कराडहून आली होती. ती आयुष्यभर तहसील कचेरीत कारकून. चहा पिऊन उठली आणि थेट बाथरूममध्ये गेली. सगळे नळ सोडले, एकदम. किचनचा, बेसिनचा, शॉवर. फ्लश ओढला. मोरीत पाणी तुंबतंय का ते वाकून बघत बसली. नवरा मला कोपरखळ्या मारतोय, मी जमिनीत जायची बाकी. मग बाहेर येऊन मालकाला म्हणाली, “लाइटबिल बघू.”

ते म्हणाले, शोधावं लागेल. आई स्टूल ओढून बसली. “शोधा की. आम्हाला कुठं घाई आहे?”

ते बिल पुढे आलंच. पण आधी सध्याचं बोलू, कारण मला आत्ता त्या अकरा महिन्यांच्या थापेबद्दल बोलायचंय.

ही थाप इतकी पसरलीये की शिकलेसवरलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याचं कलम ५५ म्हणतं, लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा करार, लेखी हवा आणि रजिस्टर झालेला हवा. अकरा महिने असो नाहीतर तीन वर्षं. आणि ही जबाबदारी कुणाची? मालकाची. भाडेकरूची नाही. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरं, खर्च तरी किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी. माझ्या भाचीच्या केसमध्ये साडेआठशे रुपयांच्या आसपास झाली असती. वर शहरात १,००० रुपये नोंदणी फी. घरबसल्या होतं, माणूस अंगठ्याच्या ठशाचं मशीन घेऊन घरी येतो. त्याचे वेगळे द्या. दोघी मुली मिळून महिन्याला त्याहून जास्त कॉफी पितात.

मग काका का टाळतात? मी सांगते का. पुण्यात महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. भाड्याने दिलं की ती जाते. शिवाय भाड्याचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. म्हणून रजिस्ट्रेशन नको, म्हणून भाडं अर्धं कॅश, म्हणून पॅन नंबर द्यायला खळखळ. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की एचआरए साठी, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी, मालकाचा पॅन लागतो, भाचीने तो मागितला तर म्हणे “बघतो, बघतो”. वर्ष संपलं, बघून झालं नाही. त्यांचा टॅक्स वाचला, हिचा कापला गेला. याला म्हणायचं घरच्यासारखं!

तर ते लाइटबिल. सापडलं शेवटी, फ्रिजवरच्या डब्यात. आईने चष्मा लावला. “हे नाव कुणाचं?” “माझे वडील.” “कुठं असतात?” “वारले.” “वारसांची नावं लागली का सोसायटीत?” तिथे गोड माणसाचा चेहरा बदलला. हळूहळू बाहेर आलं की भाऊ तिघे, बहीण एक, आणि फ्लॅटवरून कोर्टात दावा चालू. बाकीच्यांना भाड्याने द्यायचं ठाऊकसुद्धा नव्हतं. आई उठली, चहाबद्दल आभार मानले, आणि आम्ही निघालो. जिन्यात मी तिच्यावर चिडले होते, हे आठवतंय. पुढे आमच्या दूधवाल्याकडून कळलं, ज्या जोडप्याने तो फ्लॅट घेतला त्यांच्या दाराला एक दिवस दुसऱ्या भावाने वरून स्वतःचं कुलूप घातलं. यांच्या कुलपाच्या वर त्याचं कुलूप. आत गॅस, कपडे, बाळाची औषधं, सगळं अडकलं. आणि यांच्याकडे दाखवायला कागद काय, तर चहा-बिस्किटं.

आता तर फ्रिजवरचा डबाही धुंडाळायला नको. महावितरणचा ग्राहक क्रमांक मागा, बिल मोबाइलवर दिसतं. महापालिकेच्या साइटवर मिळकत कर बघा, नाव आणि थकबाकी दोन्ही कळतात. नोंदणी खात्याच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदीचा उतारा, शोधता येतो, नाहीतर सरळ मालकालाच मागा. तीन कागदांवर एकच नाव असेल आणि समोरच्या माणसाच्या आधारवर तेच असेल तर पुढचं बोला. नाव वेगळं असेल तर नातं सांगून भागत नाही, मुखत्यारपत्र दाखवा म्हणायचं. बाणेर-बालेवाडीत अर्धे मालक न्यू जर्सीत आणि चावी कुणाच्या तरी मावशीकडे. मावशी सही कुठल्या अधिकाराने करतात? आणि मालक परदेशात राहणारा असेल तर भाड्यातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायची जबाबदारी भाडेकरूची असते, हे तर नव्वद टक्के पोरांच्या गावीही नसतं. (नव्वद मी ठोकून दिलंय. पण तुमच्या ओळखीतल्या कुणालाही विचारा.)

कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का, हेही विचारायचं. लाजायचं काय त्यात? हप्ते थकले की बँक सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली घराचा ताबा घ्यायला येते, आणि तेव्हा आत कोण राहतंय याचं तिला फारसं सोयरसुतक नसतं. मालक खरं सांगणार नाही म्हणता? मग वॉचमनला विचारा. दारावर कधी नोटीस चिकटली होती का, पाण्याचे टँकर उन्हाळ्यात किती येतात, लिफ्ट किती वेळा बंद असते, आधीचे का गेले. वॉचमनला सगळं माहीत असतं आणि त्याला कुणी काही विचारत नाही. आईने त्या दिवशी त्यालाही विचारलं होतं, जाता जाता. त्याने नुसतं वर बघून हसून दाखवलं.

आणि घर न बघता टोकन अजिबात पाठवायचं नाही. ‘मी आर्मीत आहे, माझी बदली झालीये, गेटपाससाठी आधी पैसे भरा, परत मिळतील’ असं सांगणारे फोन अजून चालू आहेत आणि पोरं अजून पैसे भरतायत. याच्यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं.

आता कुणीतरी म्हणणारच, मालकांची पण बाजू असते. असते. भाडं थकवून ठाण मांडून बसणारे महाभाग मीही पाहिलेत. पण मग त्यांनीच आधी रजिस्टर्ड करारासाठी धावायला हवं ना? त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं, मुदत संपूनही लायसन्सी, म्हणजे भाडेकरू, हलला नाही तर त्याच्याकडून दुप्पट भाडं वसूल करता येतं. आणि एजंट काही धुतल्या तांदळाचे नसतात, तेही मान्य. पण एक महिन्याची दलाली वाचली या आनंदात माणसं इतकी विरघळतात की विचारायचं ते विचारतच नाहीत.

हे लिहिता लिहिता भाची शेजारी येऊन बसली. म्हणाली, “मावशी, जाऊ दे ना. मला ताप होता तेव्हा काकूंनी खिचडी आणून दिली होती. दिवाळीला फराळाचं ताट आलं होतं. कसं भांडू?”

यावर काय बोलणार. खिचडी दिली असेल, मनापासून दिली असेल. परक्या शहरात बावीस-तेवीसच्या पोरीला कुणी गरम खिचडी आणून देतं, त्याची किंमत मला कळते. मीही पुण्यात नवीन होते. त्या काकूंबद्दल माझ्या मनात काही नाही.

पण ४८,५०० रुपयांची खिचडी?? ट्रॉलीचं चॅनल त्या राहायला आल्या तेव्हापासून अडकत होतं, हे दोघी शपथेवर सांगतात. पण पुरावा? चावी घेतली त्या दिवशी व्हिडिओ काढला असता तर आज तोच मालकाला फॉरवर्ड केला असता. तिला दोष देत नाहीये, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून इथे सांगतेय. चावी हातात घेतली की पहिलं काम, सगळ्या खोल्यांचा सलग व्हिडिओ. कपाटाच्या मागची भिंत, सिंकखालची ओल, गीझर, गच्चीच्या बाजूचे कोपरे. एखाद्या भिंतीला तेवढाच ताजा रंग दिसला तर तिथे पावसाळ्यात काय होतं ते विचारा. मीटरच्या रीडिंगचा फोटो. मग पंखे किती, ट्यूब किती, एसी चालतो का, हे सगळं करारात परिशिष्ट म्हणून. आणि रंग. रंग कोण देणार, किती, आणि राहून राहून मळलेल्या भिंतीलाही पैसे लागणार का, हे आधीच लिहून घ्यायचं. लॉक-इन (म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही) किती, नोटीस किती, डिपॉझिट किती दिवसांत परत, तेही. मेंटेनन्स कुणाचा, तेही.

सोसायट्यांवर वेगळी पोस्ट होईल. फ्लॅट भाड्याने द्यायला आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवायचं असतं. तरी सेक्रेटरी मुलाखती घेतात, बॅचलर नको, अमुक नको, रात्री दहानंतर पाहुणे नकोत. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, २००१ चा सरकारी आदेश आहे, आणि तो मालकाने भरायचा असतो. भाचीकडून तोही दर महिन्याला घेतला जात होता, ‘सोसायटीचं काहीतरी’ या नावाखाली. हे मला आज कळलं. त्यामुळे आता मला काकांचीही दया येत नाहीये.

आणि आता गंमत ऐका. त्याच कलम ५५ मध्ये असंही लिहिलंय की रजिस्टर्ड लेखी करार नसेल, तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे काकांनी दोन-अडीच हजार वाचवले आणि रंगाची अट होती की नव्हती हे सांगायचा हक्क माझ्या भाचीला देऊन टाकला! आईला फोन करून हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग रडतीय कशाला? अर्ज लिहायला सांग.” आमच्या आईच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज असतो.

तर मघाशी आम्ही तिघींनी मिळून ईमेल तयार केलाय. भाषा अत्यंत नम्र. खिचडीबद्दल आभार पहिल्याच ओळीत आहेत. दुसऱ्या परिच्छेदात कलम ५५, तिसऱ्यात ट्रॉली, चौथ्यात सोसायटीचे पैसे. पूर्ण डिपॉझिट पंधरा दिवसांत परत करावं, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. वकील मैत्रिणींनो, तुम्ही यादीत आहात, उद्या सकाळी फोन करते, उचला.

दरम्यान दोघी सध्या माझ्याकडे आहेत आणि आमच्या वन बीएचकेत पाय ठेवायला जागा नाही. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, मेट्रोला रिक्षाने दहा मिनिटांच्या आत, बजेट २८,००० पर्यंत. कुणाच्या माहितीत फ्लॅट असेल तर मेसेंजरवर कळवा. मालकांना आधीच सांगून ठेवा, घर बघायला सोबत आई येणार आहे.