काकू, पाच पिशव्या एकदम उघड्या का आहेत ते सांगते

काकू नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण थांबले, कारण त्यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि बाकीच्या मला पटत नाहीत, आणि रागाच्या भरात लिहिलं असतं तर दोन्हींची खिचडी झाली असती. म्हणून आज दुपारी निवांत बसून लिहून राहिले.

ज्यांनी काकूंची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या वेळी मी माझ्या पाच पिशव्यांचा फोटो टाकला होता: करड्या लोकरीचं कार्डिगन, पर्समधले मोजे, जाळीची शाल, पेटी चरख्यावर (पेटीत घडी होणारा चरखा) चाललेला कापूस, आणि मोठ्या लाकडी टकळीवरची (हाताने फिरवून सूत कातायची दांडी) दख्खनी मेंढीची लोकर. त्यावर काकूंनी लिहिलं की हे तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' झालं. त्यांच्या आई नागपूरच्या महाल भागात राहायच्या, एक स्वेटर सुईवरून उतरल्याशिवाय दुसरी लोकर घरात यायची नाही. बापूंनी सेवाग्रामला रोज नेमाने सूत कातलं, असा पाच ठिकाणी हात घातला नाही. नवीन शिकणाऱ्या मुली माझं बघून धरसोड शिकतील. नागपुरात स्वेटर घालायचे दिवस तरी किती. आणि शेवटी विचारलं, भाच्याच्या त्या निळ्या स्वेटरचं काय झालं?

आधी त्या निळ्या स्वेटरचंच सांगते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

पाठ पूर्ण झाली होती, पुढचा भाग बगलेपर्यंत आला होता, आणि मी तो पिशवीत टाकून दुसरं काम घेतलं. पोरगा तेव्हा सहा वर्षांचा होता, पिशवी पुन्हा उघडली तेव्हा आठचा झाला होता. माप तर गेलंच, पण त्याहून वाईट गोष्ट मला वीस ओळी विणून झाल्यावर दिसली. खिडकीपाशी धरला तर बरोबर जिथे थांबले होते तिथे आडवी रेघ. खाली टाके घट्ट, वर सैल. मी आधी १० नंबरच्या सुईवर विणत होते, मधल्या काळात ती सुई काढून दुसऱ्या कामाला लावली आणि कुठे लिहून ठेवलं नाही, परत घेतला तेव्हा ९ नंबरवर घेतला. आपल्याकडच्या सुयांवर नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ९ त्याहून जरा जाड, हातात घेऊन फरक कळत नाही पण शंभर टाक्यांच्या ओळीत कळतो. त्यात लोकर कमी पडली म्हणून दोन गोळे आणले, शेड नंबर तोच पण लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप, वेगळा निघाला. ट्यूबलाइटखाली एकसारखे वाटले होते, सकाळच्या उजेडात नवा निळा जरा जांभळ्याकडे झुकत होता.

सगळा उसवला. उसवलेली लोकर तशीच विणायला घेऊ नये, ती मॅगीसारखी वाकडी झालेली असते आणि टाके एकसारखे पडत नाहीत. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी केली, चार ठिकाणी सैलसर दोऱ्याने बांधली, कोमट पाण्यात रिठे घालून त्यात अर्धा तास बुडवून ठेवली, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं आणि बाल्कनीत सावलीत टांगली, खाली वजनाला कपड्यांचे दोन चिमटे. संध्याकाळपर्यंत धागा सरळ. खरी लोकर होती म्हणून झाली, अॅक्रिलिक असती तर नुसत्या पाण्याने एवढी सुधारली नसती. आता तोच स्वेटर दहा वर्षांच्या मापाने चालू आहे, नव्या दोन गोळ्यांची फक्त काठाची पट्टी करतेय म्हणजे वेगळा रंग मुद्दाम केल्यासारखा दिसेल. तो फोटोत नव्हता कारण तो बहिणीकडे असताना विणते, पिशवी तिथेच ठेवली आहे. म्हणजे पाच नाही, सहा.

तर ही चूक माझी, पोराला दोन हिवाळे स्वेटर मिळाला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. पण काकू, ही चूक नीट न थांबवण्याची आहे असं मला वाटतं. बाकी कामं एकदम का चालतात त्याला कारणं आहेत, ती नीट सांगते.

पहिलं कारण आपली हवा. तुम्ही जन्मापासून नागपुरात, तुम्हाला मे महिना काय सांगायचा, पारा ४५ च्या वर आणि हवेत ओलावा नावालाही नाही. अशा हवेत कापूस कातून बघा, पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची कातायची वळी, हाताला चिकटतो, तंतू उभे राहतात, धागा दर हातभर तुटतो. कापसाला दमटपणा लागतो, ओला कापसाचा धागा कोरड्यापेक्षा मजबूत असतो. आपल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेदजी टाटांनी हवा दमट ठेवायची यंत्रं बसवली होती, १८७७ साली सुरू झालेली मिल, गिरणीलाही नागपूरच्या उन्हाळ्यात तो खर्च करावा लागला, मी तर घरात बसून हाताने कातते. माझा उपाय म्हणजे कूलर. कूलरच्या तोंडासमोर नाही, बाजूला, जिथे थंड ओलसर हवा येते पण पेळू उडत नाही अशा जागी चटई टाकते आणि पेटी चरखा उघडते. तरीही मेमध्ये तासाभरात जेवढं सूत निघतं त्याच्या दीडपट मला जुलैत निघतं, अजिबात न तुटता.

पण गंमत अशी की पिंजायला नेमकी उलटी हवा लागते! दमट कापूस पिंजला की गाठी होतात, म्हणून जुनी माणसं कापूस आधी उन्हात घालायची. म्हणजे पेळू करायचे एप्रिल-मेमध्ये, गच्चीवर ऊन दाखवून, आणि कातायचे मृग लागल्यावर. मग मला सांगा, एकच काम हातात ठेवायचं म्हटलं तर मे ते जून या काळात मी पेळवांचा डबा बघत बसू का? आणि लोकर त्या दिवसांत हातात धरवत नाही. घामेजल्या बोटांनी अॅल्युमिनियमच्या सुईवर लोकर सरकतच नाही, एक टाका ढकलायला दोन बोटं लावावी लागतात. करडं कार्डिगन म्हणून होळीनंतर पिशवीत जातं ते दसऱ्याला बाहेर येतं. पडून आहे असं दिसतं खरं, पण त्याचा सीझनच नाही.

दुसरं कारण दख्खनी लोकर. ही आपल्या घोंगडीची लोकर, खरखरीत, काळपट, अंगाला टोचणारी, पण फार चिवट. मी त्याचं जाड जॅकेट करणार आहे, त्याला अर्धा-पाऊण किलो सूत लागेल. आता हाताने कातलेलं सूत, पहिली लडी आणि शेवटची लडी कधीच सारखी नसते, हात सुधारत जातो तसं सूत बारीक होत जातं. एक लडी कातली की लगेच विणली, पुन्हा कातली की विणली, असं केलं तर जॅकेट खाली जाड आणि खांद्यापाशी पातळ होईल. म्हणून आधी सगळं कातून घ्यायचं, दुपदरी करायचं, सगळ्या लड्या ओळीने मांडायच्या आणि मग दोन लड्या एकदम घेऊन दोन ओळी हिच्या दोन ओळी तिच्या असं विणायचं, म्हणजे फरक पसरून जातो. दुपदरी करतानाही घाई चालत नाही, ताजं कातलेलं सूत वळवळतं, एकेरी सूत आठवडाभर टकळीवरच राहू दिलं की पीळ शांत होतो, मग दोन पदर उलट्या दिशेने पिळायचे. हे सगळं व्हायला मला पुढचा पावसाळा उजाडेल. तोपर्यंत सुया बंद ठेवायच्या का जी?

तिसरं कारण शरीराचं, आणि ते मला लिहायचं नव्हतं पण लिहिते. गेल्या वर्षी माझा उजवा अंगठा मुळाशी इतका दुखायला लागला की पोळी लाटता येईना. जाळीची शाल १२ नंबरच्या सुईवर सलग तीन आठवडे विणत होते, तुम्ही म्हणता तसं, एकच काम, हातातलं संपवायचंच म्हणून. त्या वेळी कळलं की विणण्यात बोटं जो ताण घेतात तो वेगळा आणि टकळी फिरवण्यातला वेगळा. आता पाऊण तास शाल झाली की मी उठते, टकळी घेते, उभ्याने कातते, खांदा आणि मनगट मोकळं होतं. बारीक सुईनंतर जाड सुई, बसून केल्यावर उभं राहून. अंगठा ठीक आहे आता. शालही पुढे सरकतेय, दिवसाला आठ ओळी, पण रोज.

आणि शाल सगळीकडे नेता येत नाही. तिचा चार्ट आहे, ३२ ओळींचा नमुना, मध्ये कुणी बोललं की टाका गळलाच समजा. मेट्रोत मी मोजे विणते. जयप्रकाश नगरला चढलं की कस्तुरचंद पार्क येईपर्यंत चार-पाच फेऱ्या, नुसते सुलट टाके, न बघता होतात. बँकेत टोकन घेऊन बसलं की टाच वळते. तो वेळ एरवी मोबाइलमध्येच गेला असता.

आता बापूंचं. काकू, तुम्ही बापूंचं नाव काढलंत म्हणून मला जास्त बोलावंसं वाटतंय, कारण मी कातायला शिकले तेच सेवाग्रामला, इथून ७५ किलोमीटर, आणि मला तो विषय फार जवळचा आहे. बापू रोज कातायचे हे खरं, सगळ्यांनी रोज निदान अर्धा तास कातावं असं सांगायचे हेही खरं. पण तो नेम वेळेचा होता. रोज बसायचं, न चुकता. त्यांनी असं कुठे म्हटलं की घरात फक्त चरखाच चालावा? खादीचं कामच बघा ना, सरकी काढणं, पिंजणं, पेळू वळणं, कातणं, सुताची गुंडी म्हणजे लडी करणं, विणणं, एका आश्रमात हे सगळं एकाच वेळी चालायचं, एक संपलं की दुसरं असं नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ चं, तिथे एकदा उभं राहून चरख्यांचे प्रकार बघा, म्हणजे कळतं की त्या माणसांना प्रत्येक पायरीची किती वेगळी काळजी होती. मी घरात एकटीच आहे म्हणून त्या सगळ्या पायऱ्या माझ्या पाच पिशव्यांत आल्या. रोज सकाळी सहा ते साडेसहा कातणं माझं चुकत नाही, ताप असला तरच.

तुमच्या आईंबद्दल मला आदरच आहे. पण एक विचारते, रागावू नका. एका वेळी एकच लोकर घरात यायची, ते शिस्तीमुळे की तेवढेच पैसे असायचे म्हणून? माझ्या आजीकडे तसंच होतं, आणि ती जुना स्वेटर उसवत असताना नवा सुईवर असायचाच. दुपारी उसवणं, रात्री विणणं. म्हणजे तिचीही दोन कामं होती, फक्त लोकर एकच होती.

नवीन मुलींबद्दल मात्र तुमचं दुसरं बरोबर म्हणणं आहे आणि ते मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं. पहिला स्वेटर चालू असेल तर एकच ठेवा गं मुलींनो. हाताचा ताण अजून बसलेला नसतो, दुसरं काम मध्ये आलं की बिघडतो, आणि बाह्या जोडण्यापाशी जो कंटाळा येतो तो एकदा तरी पार करायलाच हवा, नाहीतर गळ्याचे टाके कसे उचलतात ते कधी शिकणारच नाही. दोन स्वेटर पूर्ण झाले की मग पिशव्या वाढवा.

आणि निळ्या स्वेटरनंतर मी जे सुरू केलं ते पण सांगते. प्रत्येक पिशवीत एक पुठ्ठ्याचं कार्ड. त्यावर सुईचा नंबर, लोकरीचा शेड आणि लॉट, किती टाके, कुठल्या ओळीवर थांबले, आणि पुढची ओळ सुलट की उलट. ओळीच्या मध्ये कधीच थांबायचं नाही, मध्येच ठेवलं की तिथला टाका ताणला जातो आणि भोक दिसतं. महिनाभराहून जास्त ठेवायचं असेल तर टाके सुईवरून काढून जाड सुती दोऱ्यावर घ्यायचे, सुई मोकळी होते आणि टाक्यांवर वळ उठत नाही. परत घेतलं की आधी वेगळा छोटा तुकडा विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजायचं, कार्डावरच्या आकड्याशी जुळलं तरच पुढे. कातण्याच्या पिशवीत कार्डाला सुताचा एक वीतभर नमुना गुंडाळून ठेवते, रोज बसण्याआधी त्याच्याशी जाडी ताडून बघते. अन् सहाच्या वर पिशवी नाही. सातवी हवी असेल तर एक संपवायची.

नागपुरात स्वेटर कशाला, याचं उत्तर एका ओळीत: २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा साडेतीन अंशांवर गेला होता, त्या आठवड्यात तुम्ही काय घातलं होतं ते आठवा बाप्पा.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की शाळेत सूतकताईचा तास असायचा आणि तेव्हाची टकळी अजून ट्रंकेत आहे. ती काढा ना. दांडी गंजली असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने वरून खाली हलकेच घासा, गोल गोल नको, चरे पडतात आणि सूत अडकतं. वरची खाच नीट बघा, तिथे गंज राहिला तर धागा तिथेच तुटतो. मग खोबरेल तेलाचा एक थेंब आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या, अगदी कोरडी होईपर्यंत, नाहीतर सुताला डाग. दांडी सरळ आहे का ते काचेवर लोळवून कळेल. पेळवांची काळजी करू नका, मेमध्ये केलेले माझ्याकडे डबाभर आहेत, कागदात सैल गुंडाळलेले, दबलेले नाहीत. तुमच्यासाठी वीस वेगळे काढून ठेवते, पाऊस आहे तोवर घेऊन जा.