पट्टी एक, बदललेले पार्ट दोन, तिसरा रांगेत

बॅटरी नवी. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, तोही नवा. आता म्हणे डायनमो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) उतरवा, दोष त्यातच असणार. आणि आज सकाळी गाडी पुन्हा तशीच: किल्ली फिरवली की घर्र... घर्र... कट्. संपलं.

२००९ची डिझेल पिकअप, सगळी उमर कांद्याच्या गोण्यांखाली गेलेली. क्लच प्लेट टाकून आणली आणि दुसऱ्या दिवसापासून हा तमाशा. "क्लचचं काम झाल्यापासून होतंय" हे वाक्य मालकाने प्रत्येक फेरीला सांगितलं. प्रत्येक फेरीला समोरच्या मेकॅनिकने मान डोलावली आणि नवा पार्ट सुचवला. अरे बाबांनो, गिअरबॉक्स खाली घेताना काय काय सोडवलं होतं, एवढं तरी आठवून बघायचं! तेही नको? मग व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर तरी लावा.

दोन मिनिटं लागतात. डीसी वीस व्होल्टची रेंज, दोन्ही टोकं बॅटरीच्या खांबांवर, क्लॅम्पवर नाही, आणि दुसऱ्याला म्हणायचं, मार सेल्फ. या गाडीत बॅटरी ११.६च्या खाली उतरलीच नाही. डिझेलचा सेल्फ पोटभर करंट ओढायला लागला की बॅटरी दहा-साडेदहापर्यंत येतेच. इथे सेल्फ रडतोय आणि बॅटरी निवांत, म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडलाय. हेडलाइट लावून सेल्फ मारला असता तरी कळलं असतं, दिवे फारसे मंद होत नव्हते. मीटर नको, डोळे पुरे होते.

मग काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर, रंगावर नाही, पुन्हा सेल्फ. इथे पाव व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. अर्धा आला तरी अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत यायचा जोड, खोलून साफ करायचं. आला किती? ४.९! बॅटरीतून निघालेल्यातलं जवळजवळ निम्मं नुसतं घरी परत यायच्या वाटेवर खपत होतं, आणि उरलेल्या साडेसहा-पावणेसात व्होल्टवर सेल्फने इंजिन फिरवावं ही अपेक्षा. नवा सेल्फ टाका, सोन्याचा टाका, तो काय करणार?

चासी ते गिअरबॉक्स जाणारी अर्थची पट्टी परत लावलीच नव्हती.

आता खरा संताप. सेल्फचा करंट हवेतून परत जात नाही, त्याला इंजिनापासून बॉडीपर्यंत धातूची वाट लागते. पट्टी नाही म्हटल्यावर त्याला सापडली अ‍ॅक्सिलरेटरची केबल. दीड-दोनशे अँपिअरचा धनी आणि वाट सुतळीएवढी. बॉनेट उघडून बघा: फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकापाशी केबलचं काळं आवरण पापडासारखं फुगलेलं, आतला प्लास्टिकचा थर वितळून तारेला चिकटलेला, बोट लावलं की सुटं होतंय. पेडल दाबलं की परत यायला अडखळतं. हीच गाडी भरलेली कसारा घाट उतरताना पेडल खाली अडकून बसलं असतं तर? आणि पेडल जड झाल्याची तक्रारही मालकाने केली होती. त्यावर उपाय काय, तर केबलमध्ये तेल सोडलं. तापलेल्या केबलमध्ये तेल!

पट्टी कुठे होती? सीटमागच्या पिशवीत. बोल्टासकट. "उरलेलं सामान" म्हणून मालकाच्या हातात दिलेली. गाडीत काही उरत नसतं हो. उरलं असेल तर ते लावायचं राहिलंय.

बॅटरी आणि सेल्फ मिळून मालकाचे किती हजार गेले ते सोडा, काम काय होतं? १३ नंबरचा पाना, गिअरबॉक्सवरची बसायची जागा वायर ब्रशने चकचकीत करायची, चासीवरचा रंग खरवडायचा, दातेरी वॉशर घालून आवळायचं, वरून ग्रीस. पट्टीच्या थिंबलखाली (टोकाच्या भोकवाल्या चकतीखाली) रंग तसाच ठेवून आवळणारे वेगळेच महात्मे. रंगातून करंट जात नाही हे शाळेत शिकवलेलं असतं.

आणि डायनमोचा संशय कशावरून? इंजिन चालू असताना बॅटरीची वायर उपटून बघितली म्हणे, गाडी बंद पडते का. या परीक्षेचा शोध ज्याने लावला त्याला आधी शोधा. बॅटरी ही डायनमोच्या झटक्यांची गादी असते. चालत्या गाडीत ती काढली की व्होल्टेज उसळतं आणि डायनमोतले एसीचा डीसी करणारे शाबूत डायोड, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तिथेच उडू शकतात. म्हणजे नसलेला दोष तपासायला जाऊन नवा तयार करायचा. चार्जिंग बघायचंय? इंजिन जरा रेसवर, मीटर बॅटरीवर. १३.८ ते १४.४ आलं की डायनमोला नमस्कार करून पुढे चला. त्यातून शंका राहिलीच तर मीटर एसीवर करा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर एखादा डायोड गेलाय. किल्ली ऑन केल्यावर चार्जिंगचा लाल दिवाच लागत नसेल, तर आधी तो बल्ब बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनमोला पहिला करंट त्या बल्बातूनच मिळतो. पाच-दहा रुपयांचा बल्ब जातो आणि हजारांचा डायनमो भंगारात.

"डायरेक्ट केलंय" हा शब्द ऐकला की डोक्यात तिडीक जाते. फॅन चालत नाही, डायरेक्ट. हॉर्न वाजत नाही, डायरेक्ट. फ्यूज सारखा उडतो, सिगरेटची चांदी गुंडाळली. फ्यूज उडतो म्हणजे तो ओरडून सांगतोय की पुढे वायर बॉडीला लागलीय, आणि तुम्ही त्याचं तोंड दाबताय. निळा १५चा, पिवळा २०चा, हिरवा ३०चा, एवढे रंग पाठ करायला जड जातात का? १५च्या जागी ३०चा घातला की पुढच्या वेळी फ्यूज जळत नाही, वायर जळते.

आणि ती लाल वायर! टेपवाल्याने लाल, हॉर्नवाल्याने लाल, मागच्या दिव्यालाही लाल, अर्थलाही लालच. सगळे जोड नुसती पिळ मारून वर चिकटपट्टी. मे महिन्यात तिचा गोंद पातळ होऊन ओघळतो, जूनमध्ये पाणी शिरतं, गणपतीपर्यंत आतलं तांबं हिरवी भुकटी झालेलं असतं. मासळीच्या गाड्यांत तर विचारू नका, बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट टेललॅम्पच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर). ब्रेक दाबला की पार्किंग मिणमिणतं, इंडिकेटर टाकला की ब्रेकलाइटही ताल धरते. लोक स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच बदलतात! टेललॅम्पच्या मागचा एक अर्थचा स्क्रू काढून घासा हो.

इथेही मीटर फसवतो, हे मीटरभक्तांनी ऐकावं. एकच तार शिल्लक असलेल्या वायरवरही मीटर ऐटीत १२ दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. तिथे जुना टेस्ट लॅम्पच हवा, २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब, होल्डर आणि दोन वायर. ढणढणीत लागला तर वायर खरी, पिवळट लागला तर थापाडी. एलईडीचा टेस्टर यासाठी कुचकामी, तो कशावरही लागतो. मात्र इंजिन कंप्युटरच्या वायरींना हा बल्ब चुकूनही लावू नका. या गाडीत कंप्युटर नाही म्हणून आपण शेर.

शेर म्हणजे किती, तर रात्री बॅटरी कोण पितंय ते बघायला परवा मीटर निगेटिव्हच्या मध्ये १० अँपिअरच्या भोकात जोडला होता. सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरच्या आत हवं वगैरे प्रवचन चालू होतं. प्रवचनाच्या ओघात दारातल्या पोराला म्हटलं, किल्ली फिरव. मीटरचा फ्यूज गेला. त्याच्या जागी चांदी घातलेली नाही, एवढं ध्यानात घ्या. नवा फ्यूज मिळेपर्यंत ते भोक बंद आहे.

तर पट्टी लागली. सेल्फ मारताना ब्लॉक ते बॅटरी ०.१४. अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू. जुनी बॅटरी चार्जरला लावली, रात्रभर ठेवून सकाळी १२.६ला ठाम उभी. जुना सेल्फ दुकानदाराने बदलीत घेतला, तो गेला. केबल नवी टाकायचीय, कारण वितळलेली केबल तेलाने सरळ होत नाही. आणि मालक आता विचारतोय, बंपरवर एक एलईडी पट्टा बसवून देता का, रिले (जड करंट सांभाळणारा स्विच) वगैरे काही नको, डायरेक्ट.