कुष्ठाच्या गोळ्या टाकून द्यायला सांगणारा मेसेज

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: कुष्ठरोग प्रतिकारशक्ती कमी असलेल्यालाच होतो. मातीत राबणाऱ्याला तो होत नाही. चट्टा दुखत-खाजत नसेल तर काळजी नको. सरकारी गोळ्यांनी अंग काळं पडतं, हातपाय वाकडे होतात, म्हणून गोळ्या टाका, काढा घ्या, इम्युनिटी वाढवा. हे वाचून कुणी खरंच गोळ्या सोडल्या तर त्याचा हात जाऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

"प्रतिकारशक्ती कमी, म्हणून कुष्ठ." यात थोडं तथ्य आहे. सुमारे 95 टक्के लोकांचं शरीर हा जंतू मुळी रुजूच देत नाही. वरोऱ्याच्या बाबा आमटेंनी प्रयोगासाठी कुष्ठजंतू स्वतःला टोचून घेतले होते, तरी त्यांना रोग झाला नाही. पण ज्याला होतो तो अशक्त असतो असं मुळीच नाही. हा जंतू पेशींच्या आत लपतो, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं (जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिनं) त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत. तिथे काम टी पेशींचं, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. त्या जंतू ओळखतात, इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात, आणि त्याने भक्षक पेशींना आत दडलेले जंतू मारायचं बळ येतं. काहींच्या टी पेशी नेमक्या याच जंतूपुढे गप्प बसतात. मग जंतू अंगभर पसरतो, चट्टे वाढतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. त्याच माणसाच्या टी पेशी बाकीचे बहुतेक जंतू नीट ओळखतात. तो दिवसभर नांगर धरू शकतो, सहसा आजारी पडत नाही, आणि तरी त्याला कुष्ठ असतो.

उलट ज्यांच्या टी पेशी जोरात उठतात, त्यांच्या अंगावर एखाद-दुसराच चट्टा येतो आणि जंतू जवळपास सापडत नाहीत. पण हा जंतू नसांमध्ये घर करतो, आणि टी पेशींचा हल्ला तिथेच झाल्याने नस सुजते, मरते. म्हणजे हाताची संवेदना पुष्कळदा जाते ती प्रतिकाराच्या जोरामुळे. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊकच नाही, आणि पुढच्या सगळ्या चुका इथूनच निघाल्या आहेत.

"मातीत राबणाऱ्याला होत नाही." महाराष्ट्रात हा रोग वर्षानुवर्षं ज्या भागांत जास्त सापडतो, त्यांत आपले धानाचे जिल्हे आहेत. इथले रुग्ण धानाच्या बांधीत राबणारेच आहेत.

"दुखत-खाजत नाही, मग कशाला दाखवायचं?" न दुखणं हेच तर लक्षण. एका ताईच्या हातावर फिक्कट चट्टा होता. डोळे मिटायला सांगून मी बॉलपेनचं टोक हळूच टेकवत गेले आणि स्पर्श कळेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. चट्ट्याभोवती तिने बरोबर बोट ठेवलं, चट्ट्यावर टेकवलं तेव्हा ती गप्प. त्याच हाताच्या करंगळीवर चुलीवरचा गंज (पातेलं) उतरवताना आलेला फोड होता. तो कधी आला हे तिला आठवत नव्हतं, कारण चटका तिला कळलाच नव्हता. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागत होती. गजकर्ण खाजतं, आणि कोडाच्या डागावर स्पर्श कळतो. हा चट्टा वेगळा, आणि तो घरच्या घरी असा पाहता येतो.

"गोळ्यांनी हातपाय वाकडे होतात." अंग काळपट पडतं हे खरं आहे, ते या गोळ्यांतल्या क्लोफाझिमिन नावाच्या औषधामुळे. कोर्स संपल्यावर काही महिन्यांत रंग उतरतो. त्यातल्याच रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, त्याला घाबरू नये. तिसऱ्या औषधाने, डॅप्सोनने, काहींचं रक्त कमी होतं, म्हणून घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. हातपाय मात्र गोळ्यांनी वाकडे होत नाहीत. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, टी पेशी एकाएकी जाग्या होतात. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस ठणकते, चार दिवसांत बोटांतली ताकद जाते. याला रिअॅक्शन म्हणतात. गोळ्या चालू असताना हे घडतं, म्हणून दोष गोळ्यांना लागतो. यावर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊन टी पेशींचा जोर कमी करतात आणि कुष्ठाच्या गोळ्या चालूच ठेवतात. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ते बरंच भरून येऊ शकतं. म्हणून ठणका लागला की बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका.

"इम्युनिटी वाढवा." कुठल्याही काढ्याने गप्प बसलेल्या टी पेशी याच जंतूविरुद्ध उठतात असं दिसलेलं नाही. आणि त्या उठल्या की काय होतं ते एचआयव्हीच्या रुग्णांत पाहायला मिळतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू होऊन टी पेशी वाढू लागल्या की काहींमध्ये दबलेला कुष्ठ रिअॅक्शनसह वर येतो. जंतू मारण्याचं काम गोळ्यांचंच. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला हा बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण 6 महिने, जास्त असतील तर 12.

मेसेज वाचून ज्यांनी गोळ्या सोडल्या असतील त्यांनी उरलेलं पाकीट घेऊन उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे जावं, पुढचं डॉक्टर ठरवतील. सोबत घरातल्या सगळ्यांना न्यावं. तपासणीत त्यांना रोग नसला तरी सहसा रिफाम्पिसिनचा एक डोस दिला जातो. रोग होण्याचा धोका त्याने कमी होतो.