पोलिसांनी बक्षीस लावलं आणि तिथेच फसले

काल रात्री 'ट्रॅश' हा सिनेमा पुन्हा पाहिला. स्टीफन डाल्ड्रीचा, २०१४चा. (पुढे शेवट फोडलाय. पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

रिओ दि जानेरोमधलं डंपिंग ग्राउंड. कचरा वेचणाऱ्या रफाएलच्या हाती एक पाकीट लागतं. आतले पैसे तो दोस्ताला, गार्दोला वाटा देऊन मोकळा होतो. मग पोलीस येतात आणि पाकिटासाठी बक्षीस जाहीर करतात. झालं! पोलीस आपणहून पैसे सोडायला निघालेत म्हणजे माल त्याहून कितीतरी मोठा असणार, हे पोराच्या लगेच ध्यानात येतं. अख्ख्या सिनेमात माझी सगळ्यात आवडती जागा हीच. भ्रष्टाचार वगैरे शब्द त्याला कुणी शिकवलेले नाहीत. पण दिवसभर कचऱ्यातल्या वस्तूची किंमत नजरेने तोलणारं पोर ते, त्याला भाव बरोबर कळतो.

पाकिटातली किल्ली रेल्वे स्टेशनच्या लॉकरची निघते, तीही रातोमुळे. रातो म्हणजे पोर्तुगीजमध्ये उंदीर, आणि हा राहतो गटारात. तिथून तुरुंग, बायबलमध्ये दडवलेला संकेत, आणि शेवटी एका बड्या पुढाऱ्याच्या लाचेचा हिशेब. तिन्ही मुलं पडद्यावर नवखी आहेत, पण मार्टिन शीन आणि रूनी मारा हे हॉलिवूडचे नट-नटी त्यांच्यापुढे पाहुणे वाटतात. बरंच आहे म्हणा, गोऱ्या माणसांनी येऊन पोरांना तारलं असतं तर मी टीव्ही बंदच केला असता.

'असं कुठे घडतं का' म्हणणाऱ्यांसाठी: त्याच साली मार्चमध्ये ब्राझीलमध्ये 'लावा जातो' (पोर्तुगीजमध्ये कार वॉश) या भ्रष्टाचाराच्या तपासाला तोंड फुटलं. एका पेट्रोल पंपावरून चालणाऱ्या पैशांच्या उलाढालीपासून धागा निघाला आणि पोचला थेट पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीपर्यंत. त्याच्या आदल्या वर्षी बसभाडं २० सेंटावोंनी (तिथली चिल्लर) वाढलं म्हणून लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. त्या देशात तेव्हा ही गोष्ट परीकथा नव्हती.

परीकथा होते ती शेवटी. हाती लागलेला पैसा पोरं कचऱ्याच्या डोंगरावर उधळतात. नोटा हवेत, लोक धावतायत, संगीत चढलंय. दिसायला झकास! पण मला पटत नाही. पटकथाकार रिचर्ड कर्टिसला गोड शेवट हवा होता, ठीक आहे. पण पोलिसाच्या बक्षिसातला डाव क्षणात ओळखणारी ही पोरं नोटा अशा वाऱ्यावर सोडतील? पहिल्या पाकिटातल्या तर त्यांनी सरळ खिशात घातल्या होत्या.