ट्रेलर किती टनांचा ते नंतर, आधी सांगा रिकामा कसा होतो

रस्त्याच्या कामावर नवा ट्रेलर आला की सगळे पहिल्यांदा विचारतात, "माल किती बसतो?" मीही बरीच वर्षं तेच विचारायचो. मग एके दिवशी डोळ्यांदेखत एक ट्रेलर आडवा झाला.

ओला मुरूम होता. ड्रायव्हरने मागचा फाळका सोडला, जॅक उचलला, हौदा वर गेला. उजवीकडचा माल घसरला, डावीकडचा तसाच चिकटून राहिला. खालचा भराव कच्चा, त्यात डावीकडची चाकं जराशी दबली आणि बघता बघता अख्खं धूड कुशीवर! ड्रायव्हरने बेल्ट लावला होता म्हणून खरचटण्यावर निभावलं. नंतर दिवसभर सगळे त्यालाच बोल लावत होते. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

साधा हिशेब करा. नऊ मीटरचा हौदा ४५ अंशांवर उचलला की त्याचं पुढचं टोक जमिनीपासून साडेसात मीटरच्या आसपास जातं. डाव्या-उजव्या चाकांत अंतर दोन मीटर. एका बाजूचं चाक १० सेंटीमीटर दबलं, तर ते टोक तिरकं होऊन सदतीस-अडतीस सेंटीमीटर बाजूला जातं. त्यात सगळा चिकटलेला माल त्याच बाजूला. ड्रायव्हर काय कप्पाळ सावरणार? काही जण तर चिकटलेला माल सुटावा म्हणून हौदा वर असतानाच गाडी पुढे घेऊन कचकन ब्रेक मारतात. त्यांना मात्र मी खुशाल शिव्या घालतो. वरच्या विजेच्या तारांची भीती वेगळीच.

म्हणून माझं मत असं की असा हौदा उचलून मागे माल ओतणारा ट्रेलर कडक, सपाट जमिनीवरच वापरावा. ताज्या भरावावर बाजूला ओतणारा बरा. त्याचा हौदा एवढा उंच जात नाही, काही सेकंदांत रिकामा होतो, फक्त बाजूला मोकळी जागा हवी. खडी लांब ओळीत टाकायची असेल तर पोटाखाली दारं असलेला उत्तम, चालता चालता माल सोडत जातो. मोठे दगड मात्र त्यात घालू नका.

हॉट मिक्सची, म्हणजे डांबर-खडीच्या गरम मिश्रणाची गोष्ट आणखी वेगळी. प्लांटवर माल दीडशे अंशांच्या आसपास असतो आणि रोलर फिरून होईपर्यंत तो गरम राहायला हवा. ताडपत्री घालायचा कंटाळा केला की वरचा थर थंड पडतो, त्याच्या गाठी होतात. दुसरी भानगड भरण्यात आहे. माल एकाच जागी ओतला की शंकू होतो आणि जाड खडी गडगडत कडेला जाते. फाळक्याजवळची आधी उतरते, पुढच्या भिंतीजवळची सगळ्यात शेवटी. मग रस्त्यावर ठरावीक अंतराने खरबरीत पट्टे दिसतात, दर खेपेला एक! लोक पेव्हरवाल्याला, म्हणजे रस्त्यावर थर पसरणारं मशीन चालवणाऱ्याला दोष देतात. पुढे, मागे आणि मग मध्ये, असे तीन ढीग करून भरलं तर निम्मं दुखणं प्लांटवरच मिटतं. हौद्याला डिझेल फासायची सवयही सोडा, डिझेल डांबराला पातळ करतं.

तळाला पट्टा असलेला ट्रेलर मला इथे सगळ्यात आवडतो. हौदा उचलायचाच नाही, पट्टा माल मागे ढकलतो आणि पेव्हरमध्ये हवा तेवढाच पडतो. पुलाखाली, बोगद्यात, तारांखाली कुठेही उभा करा. त्याचं स्वतःचं वजन जास्त, म्हणून माल थोडा कमी बसतो. पट्टा आणि साखळ्यांची देखभालही मागे लागते. मालक मंडळी इथेच नाक मुरडतात. मुरडू देत. पण आडवा झालेला ट्रेलर क्रेनने उठवायचा, त्या दिवसाचं काम बंद, मागे हॉट मिक्सच्या गाड्या थंड होत रांगेत उभ्या, हे सगळं ते त्या टनांच्या हिशेबात धरत नाहीत.

मालकाशी माझा हा वाद अजून मिटलेला नाही. पोटाखाली दारं असलेला ट्रेलर ओल्या मुरमावर कुणी चालवला असेल तर जरूर सांगा. दारं अडकतात का, आणि अडकली तर मोकळी कशी करता?