अस्पेन दाखवायचं तर पुरतं दाखवा

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "अस्पेन बघा, स्वित्झर्लंड बघा. नुसत्या बर्फावर डोंगरातली गावं मालामाल झाली. जमिनीचे भाव वाढले, रोजगार मिळाला. आपल्याला समुद्र आहे, तरी रिसॉर्टचं नाव काढलं की ग्रामसभेत बोंबाबोंब."

अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं अस्पेन स्कीइंगमुळे सावरलं हे खरंच. 1893 साली चांदीचा भाव कोसळला, खाणींचं ते गाव ओस पडत गेलं आणि 1946-47 च्या हिवाळ्यात चेअरलिफ्ट आल्यावर पुन्हा उभं राहिलं. खाणबंदी सोसलेल्या डिचोली-सत्तरीला हे वेगळं समजवायला नको.

पण "जमिनीचे भाव वाढले म्हणजे गाव श्रीमंत झालं" हे कुठून आलं? श्रीमंत होतो तो विकणारा, तोही एकदाच. अस्पेनच्या हॉटेलात ताटं उचलणाऱ्याला तिथलं घर बाजारभावाने परवडत नाही. कितीतरी कामगार साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या ग्लेनवूड स्प्रिंग्जहून, काही त्याच्याही पलीकडून ये-जा करतात. म्हणून तिथल्या स्थानिक यंत्रणेला कामकरी रहिवाशांसाठी घरं राखून ठेवावी लागली, त्यांच्या फेरविक्रीच्या किमतीलाही मर्यादा घालावी लागली. मेसेजमध्ये हे कुठे आहे? आपल्याकडे किनाऱ्यावरच्या मोरजी-मांद्र्यात सीझनला महिन्याच्या भाड्याने खोली मागून बघा. "आता नाही, मे संपल्यावर या." तीच खोली पर्यटकाला दिवसावारी जाते, घरमालक तरी का सोडेल? गावात बदली होऊन आलेल्या नर्सने मात्र राहायचं कुठे?

"रोजगार मिळतो." मिळतो, सीझनपुरता. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरचे शॅक मोडावेच लागतात. बर्फाचाही भरवसा नाही: जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडं राहिलं, बुकिंगं रद्द झाली. स्लेज ओढणाऱ्याला कसला आलाय पगार!

आणि स्वित्झर्लंडमध्ये विरोध झाला नाही म्हणता? मार्च 2012 मध्ये देशभर मतदान झालं. कुठल्याही गावात सुट्टीपुरती वापरायची घरं 20 टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत, असा कौल लोकांनी दिला. त्यांना काय विकासविरोधी म्हणायचं?

एवढ्या लांब तरी कशाला जा. सोलंगला स्कीइंग चालतं त्या हिमाचलात, तिथला शेतकरी नसलेल्याला 1972 च्या कायद्याच्या कलम 118 मुळे सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गोव्यानेही 2023 साली भातशेतीपुरता तसा कायदा केला. भरडावर (कोरडवाहू माळजमिनीवर) आणि डोंगरउतारावर मात्र तो लागत नाही, आणि मोठ्या प्रकल्पांचा डोळा नेमका तिथेच आहे.