बोट दाखवायचं शिक भावा

पर्यावरणावर बोलायला अभ्यास लागतो असं कुणी सांगितलं तुला? एक बोट लागतं बस, कुठल्या महिन्यात ते कुठं दाखवायचं एवढं कळलं की झालास तू नेता.

जुलै-ऑगस्टला पूर आला की बोट खाली, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडं. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, तुझं भाषण ३५ लाच तयार पायजे. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, नंतर सरकारनंच पुराच्या अभ्यासाला नेमलेली वडनेरे समिती म्हटली पुराला अलमट्टी जबाबदार न्हाई. म्हणू दे, समितीला कुठं निवडून यायचं असतंय. कृष्णेच्या पाणीवाटप लवादानं अलमट्टीला ५२४ मीटरच्या थोडं वरपर्यंत उंचीची परवानगी २०१० लाच दिली हेपण काढू नको, नायतर कुणीतरी इचारंल इतकी वर्षं तुम्ही काय करत होता. आणि निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकून प्लॉट कुणी पाडले हा विषयच न्हाई, पाणी अडवतो तो फक्त कर्नाटक.

उन्हाळ्यात पंचगंगेत मासे मेले की सोपं हाय. कोल्हापुरात असशील तर इचलकरंजीच्या कापड प्रोसेस कारखान्यांकडं बोट, इचलकरंजीत असशील तर कोल्हापूरच्या नाल्यांकडं, शिरोळला असशील तर दोन्हीकडं, कारण येणार सगळं तुझ्याकडंच. साखर कारखान्याकडं मात्र चेअरमन कुणाचा ते बघूनच.

पश्चिम घाटाचं तर लई भारी. घाट वाचवायचा गाडगीळ अहवाल २०११ चा, तो कडक म्हणून २०१३ ला कस्तुरीरंगन, तोपण कडक, मग २०१४ पासनं केंद्राचे नुसते मसुदे. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी (योगायोग असंल). तू वाडीवाडीत जाऊन सांग की इको-सेन्सिटिव्ह झोन आला की घराला वीटपण लावू देणार न्हाईत. बंदी खाणीवर हाय हे सांगायचं काय कारण?

आणि लाजू नको, मोठ्या देशांचंपण हेच चाललंय. अमेरिका हवामानाच्या पॅरिस करारातनं २०२० ला बाहेर, २०२१ ला आत, २०२५ ला परत बाहेरचा आदेश. श्रीमंत देशांनी गरीब देशांना हवामानासाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं २००९ ला कबूल केलं, वेळेत दिलं न्हाईत, मग २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत वर्षाला ३०० अब्ज म्हणालेत तेपण २०३५ पर्यंत. आपल्या ऊसबिलाला निदान १४ दिवसांचा कायदा तरी हाय, पाळत न्हाईत ते सोड.

शेवटचं काम स्टिकरचं. २०१९ ला पूरग्रस्तांच्या सरकारी धान्याच्या पाकिटावर नेत्यांचे फोटो चिकटवले तर केवढा बोभाटा झाला. तू फोटो पिशवीवरच छापून घे, काढताच येत न्हाई, आणि ऑर्डर मे मधेच दे, जूनला प्रेसवाले रेट वाढवतात.